चित्र आणि त्याची छापील प्रत : योझेफ इस्राएल्सच्या कोळीजीवनाविषयी एक संवाद

एकोणिसाव्या शतकातील डच चित्रकार योझेफ इस्राएल्स (१८२४–१९११) याने रंगविलेले कोळ्यांचे आयुष्य युरोपातील ज्या असंख्य घरांत पोचले, त्यांपैकी फार थोड्या घरांत ते तैलरंगात पोचले. बाकी सर्वत्र ते काळ्या शाईतून, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या, दगडावरून उठवलेल्या किंवा छायाचित्राच्या आधाराने छापलेल्या प्रतींतून गेले. त्यामुळे या चित्रकाराविषयी लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही : या प्रतींना मूळ चित्राची उणी सावली मानायचे, की त्या चित्राच्या आयुष्याचाच एक भाग? कलेतिहासात हा प्रश्न जुना असला, तरी इस्राएल्सच्या बाबतीत त्याला वेगळी धार आहे, कारण त्याच्या चित्रांचा विषय दारिद्र्य आणि मृत्यू हा होता आणि त्या चित्रांच्या प्रती लागत होत्या त्या सुखवस्तू घरांच्या भिंतींवर.

इस्राएल्सचा जन्म २७ जानेवारी १८२४ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ख्रोनिंगेन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान आदाम क्रूसेमान या चित्रकाराकडे आणि पुढे १८४५पासून पॅरिसमध्ये फ्रांस्वा-एदुआर पिको याच्याकडे शिकून तो मायदेशी परतला, तेव्हा त्याच्यापुढचा आदर्श ऐतिहासिक चित्रांचा होता. राजपुत्र, दरबार आणि राष्ट्रीय पराक्रम यांतूनच मोठी कला जन्मते, अशी त्या काळच्या कलाशाळांची शिकवण होती. १८५५ साली प्रकृती सुधारावी म्हणून तो हार्लेमजवळच्या झांदव्होर्ट या समुद्रकाठच्या कोळीगावात जाऊन राहिला आणि त्या मुक्कामाने त्याच्या कामाची दिशा बदलली. दुसऱ्याच वर्षी, १८५६ साली, त्याने ‘आईच्या थडग्याजवळून’ हे चित्र पूर्ण केले : एका मुलाला कडेवर घेतलेला आणि दुसऱ्याला हाताशी धरलेला कोळी आपल्या मृत पत्नीच्या थडग्यापाशी येतो, एवढाच त्याचा प्रसंग. चित्राची उंची मात्र जवळजवळ अडीच मीटर आहे, आणि एवढा आकार त्या काळी राजे, संत व सेनापती यांच्यासाठी राखून ठेवलेला असे. १८७१ साली तो द हेगला स्थायिक झाला आणि ज्या चित्रकारसमूहाला पुढे ‘हेग स्कूल’ हे नाव मिळाले, म्हणजे करड्या प्रकाशात, मोजक्या रंगांत किनारा, कुरणे आणि साध्या माणसांची कामे रंगविणाऱ्या समूहाला, त्याचा तो वडीलधारा ठरला.

पुढील संवादातील दोन्ही वक्ते कल्पित आहेत. एक मूळ चित्राची बाजू घेणारा चित्रसमीक्षक आहे, दुसरा जुन्या छापचित्रांचा अभ्यासक. दोन्ही पक्षांना सारखेच वजन द्यावे असा या लेखाचा आग्रह नाही. जिथे एका पक्षाचा पुरावा भक्कम आहे, तिथे तो पुढे गेलेला दिसेल.

चित्रसमीक्षक : चर्चेची सुरुवात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘बुडालेल्या माणसाला वाहून नेणारे कोळी’ या चित्रापासून व्हावी. हे चित्र १८६१च्या सुमाराचे असून पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, आणि नंतर १८६२च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते मांडले गेले व तेथूनच इस्राएल्सची ब्रिटनमधील कीर्ती सुरू झाली. त्याची रुंदी सुमारे २४४ सेंटिमीटर आणि उंची सुमारे १२९ सेंटिमीटर आहे. या मापामुळे ती मिरवणूक, म्हणजे पुढे दोन मुलांना घेऊन चालणारी बाई आणि मागे प्रेत खांद्यावर घेतलेले पुरुष, पाहणाऱ्याच्या समोरून चालल्यासारखी वाटते. वादळ ओसरल्यावरचा जड प्रकाश, ओल्या वाळूचा तपकिरी रंग, कपड्यांच्या काळेपणातले निरनिराळे काळेपण, हे सर्व रंगाच्या थरांतून आलेले आहे. तेच चित्र वीतभर कागदावर काळ्या रेषांनी उतरवले की मृत्यूची जागा मृत्यूविषयीची बातमी घेते. आपण ज्या प्रतींचे कौतुक करता, त्या प्रतींत प्रसंग तेवढा उरतो, चित्र उरत नाही.

मुद्रणाभ्यासक : मापाविषयीचे आपले म्हणणे मान्य करावे लागेल. परंतु ‘आधी चित्र, मागाहून प्रत’ हा जो क्रम आपण गृहीत धरता, तो इस्राएल्सच्या बाबतीत टिकत नाही. ज्या १८६१ साली हे चित्र पॅरिसमध्ये लागले, त्याच वर्षी हार्लेमचा प्रकाशक ए. सी. क्रूसेमान याने ‘समुद्राची मुले’ या नावाचे पुस्तक काढले. डच किनाऱ्यावरील जीवनाची इस्राएल्सची चित्रे, ती धातूच्या पत्र्यावर उतरविणारा रेनेफेल्ट हा कोरणकार आणि प्रत्येक चित्रासोबत निकोलास बेट्स या लोकप्रिय कवीची कविता, असे ते त्रिवेणी काम होते. डच मध्यमवर्गाने या चित्रकाराचा कोळी पहिल्यांदा पाहिला तो पुष्कळदा अशाच पानांवर, घरी, दिव्याच्या उजेडात. चित्रशाळेतील कॅनव्हास आणि पुस्तकातील पान ही दोन्ही एकाच वेळी चाललेली कामे होती, आणि इस्राएल्स त्या दोन्हींत जाणीवपूर्वक सहभागी होता.

चित्रसमीक्षक : ते पुस्तकच आक्षेपाचे कारण आहे. बेट्स हा कवी होता तसाच धर्मोपदेशकही होता, आणि त्याच्या कवितेचे काम काय, तर चित्र पाहून वाचकाला कोणते दुःख, किती आणि कोणत्या सांत्वनासह व्हावे हे सांगणे. कॅनव्हाससमोर उभा असलेला माणूस मुका राहू शकतो. पुस्तक त्याला तेवढी मोकळीक देत नाही. चित्राखाली छापलेले शीर्षक आणि शेजारची कविता या दोहोंनी मिळून इस्राएल्सच्या कोळ्याला उपदेशाचा विषय केले.

मुद्रणाभ्यासक : शब्दांनी चित्र बांधले जाते हे खरे आहे. मात्र तो दोष शब्दांचा आहे, कोरणीचा नाही, आणि ही दोन कामे वेगळी तपासायला हवीत.

या ठिकाणी संवाद थोडा थांबवून त्या काळच्या तंत्रांची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण ‘छापील प्रत’ या एका नावाखाली अगदी भिन्न कारागिरी एकत्र केली जाते आणि पुढचा सारा वाद त्या भिन्नतेवरच उभा आहे. उत्कीर्णनात तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर धारदार कोरणीने खाचा पाडतात, त्यांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून तो मोठ्या दाबाखाली काढतात. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. अम्लरेखनात, ज्याला एचिंग हा शब्द अधिक रूढ आहे, पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईने रेखाटतात आणि उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने खाल्ल्या जातात, त्यामुळे रेषेला हाताच्या लेखनाची मोकळीक येते. शिळाछापात खाचच नसते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात, आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गुणधर्मावर छपाई चालते. नुसत्या तांब्याच्या पत्र्यावरून चांगल्या प्रती मर्यादितच निघत, कारण दाबाने खाचा झिजत. १८५०च्या दशकात तांब्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढविण्याची युक्ती निघाली आणि एका पत्र्यावरून कितीतरी अधिक प्रती काढता येऊ लागल्या. इस्राएल्सची कोळीचित्रे नेमकी याच दशकात सुरू झाली, त्यामुळे त्याच्या विषयाला या बदलाचा लाभ मिळाला. रंगीत शिळाछापही त्या काळी होता, रविवर्म्याच्या छापखान्यामुळे मराठी घरांना परिचित झालेला ओलिओग्राफ त्याच कुळातला. परंतु गंभीर चित्राची प्रतिष्ठित प्रत एकरंगीच असावी, असा युरोपातील जाणकारांचा कल होता.

मुद्रणाभ्यासक : आता कोरणकाराचे काम पाहावे. त्याच्याजवळ रंग नाही; आहे ती काळी रेषा आणि कागदाचा पांढरेपणा. लाल शाल आणि निळे आकाश यांची गडदता डोळ्याला सारखीच वाटत असेल, तर ती दोन्ही रेषेच्या वेगवेगळ्या वळणांनी, दाटपणाने आणि दिशेने वेगळी दाखवावी लागतात. वाळूची रेषा आणि लोकरीच्या विणलेल्या कपड्याची रेषा एक असून चालत नाही. प्रत्येक चौरस इंचाला निर्णय घ्यावा लागतो, आणि मोठ्या उत्कीर्णनाला महिनेच्या महिने, कधी वर्षेही लागत. एकाच बंदिशीत दुसरा गायक आपल्या गळ्याने जे करतो, तसेच हे काम आहे. रचना एकाची, आविष्कार दुसऱ्याचा. म्हणूनच त्या काळची समीक्षा प्रदर्शनातील छापचित्रांचा स्वतंत्रपणे विचार करी आणि कोरणकारांना पदके मिळत.

चित्रसमीक्षक : परंतु छायाचित्रण आल्यावर हे सर्व कौशल्य निरुपयोगी झाले, हे तर मान्य व्हावे. यंत्राने जे जसे आहे तसे टिपले, तेव्हा मधल्या माणसाच्या आविष्काराची गरज राहिली नाही.

मुद्रणाभ्यासक : इथे आपल्या म्हणण्यात मोठी गफलत आहे. सुरुवातीच्या दशकांतील छायाचित्राच्या काचेला सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा आणि जांभळा प्रकाश तिच्यावर चटकन उमटे, तर पिवळा, तांबडा आणि हिरवा फारच मंदपणे. परिणामी निळे आकाश प्रतीत कोरे पांढरे होई आणि पिवळसर, तपकिरी भाग काळे पडत. काचेवरील रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर ती हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जाणू लागते, हा शोध बर्लिनच्या हेर्मान व्हिलहेल्म फोगल याला लागला तो १८७३ साली, आणि तो व्यवहारात रुळायला आणखी काही वर्षे गेली. आता इस्राएल्सची रंगपेटी आठवावी : झोपडीतला तपकिरी अंधार, चुलीचा तांबूस उजेड, खिडकीतून येणारा थंड करडा प्रकाश. जुन्या काचेवर अशा चित्राचा अंधार आणखी अंधारतो आणि त्यातली माणसे हरवतात. शिवाय तैलचित्राच्या वार्निशावरची चकाकी टिपली जाते ती वेगळीच. कोरणकार मात्र चित्रासमोर बसून त्या अंधारातले कोणते अंग दिसायला हवे ते ठरवी. म्हणजे बराच काळ माणसाने कोरलेली प्रत ही यंत्राने टिपलेल्या प्रतीपेक्षा मूळ चित्राच्या अधिक जवळची होती. छायाचित्र आणि कोरणी यांचे खरे सख्य पुढे फोटोग्रेव्ह्युअरमध्ये झाले. त्यात छायाचित्राच्या साहाय्याने तांब्याचा पत्रा अम्लाने कोरतात आणि छपाई उत्कीर्णनासारखीच खाचेतल्या शाईने करतात, आणि तिथेही पत्र्यावर शेवटचा हात कारागिराचाच फिरे.

चित्रसमीक्षक : तंत्राविषयीचा हा खुलासा स्वीकारण्याजोगा आहे. तरीही या प्रती कोणासाठी निघत होत्या हा प्रश्न उरतोच. पॅरिसच्या गूपील या चित्रव्यापारी पेढीची शाखा १८६१पासून द हेगमध्ये होती. ही पेढी मूळ चित्रे विके आणि त्यांच्या छापील प्रतीही. प्रतींतून होणारी प्रसिद्धी मूळ चित्राची किंमत वाढवी आणि मूळ चित्राचा बोलबाला प्रतींचा खप वाढवी. कोळ्याचे मरण या चक्रातले भांडवल ठरले. त्यातही पहिल्या ठशांच्या, शीर्षक कोरण्यापूर्वी काढलेल्या, चिनी कागदावरच्या प्रती अधिक महाग ठेवून या व्यापाराने प्रतींमध्येही उच्चनीच निर्माण केले.

मुद्रणाभ्यासक : व्यापार होता, यात शंका नाही. पण त्याच दुकानात ३० जुलै १८६९ रोजी सोळा वर्षांचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग नोकरीला लागला आणि १८७३पर्यंत तिथे राहिला, हेही विसरता येत नाही. चित्रकार होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या हाताखालून अशा प्रतींचे गठ्ठे गेले. त्याने आयुष्यभर छापचित्रे जमवली, भिंतीवर लावली, पत्रांतून त्यांच्याविषयी लिहिले, आणि इस्राएल्सविषयीचा त्याचा आदर कधी कमी झाला नाही. १८८२ साली इस्राएल्सने जेवणाच्या मेजाभोवती बसलेले शेतकरी कुटुंब रंगवले आणि तीन वर्षांनी व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ रंगवले, या दोहोंतला धागा कलेतिहासात सर्वमान्य आहे. ज्याला मूळ चित्र विकत घेणे कधीच शक्य नव्हते, अशा माणसाच्या डोळ्याची घडण प्रतींनी केली, तर त्या प्रतींना केवळ व्यापाराचे साधन म्हणून बाजूला सारता येईल काय?

चित्रसमीक्षक : व्हॅन गॉगचेच उदाहरण उलट बाजूनेही बोलते. ‘बटाटे खाणारे’ या चित्राचा शिळाछाप त्याने १८८५ साली स्वतः केला, तोही आठवणीने, घाईने, थेट दगडावर. त्यामुळे छापताना सारे चित्र आरशातल्यासारखे उलटे झाले. हा शिळाछाप त्याने आपला मित्र चित्रकार आंतोन व्हान राप्पार्ड याला पाठवला. राप्पार्डने मूळ रंगीत चित्र पाहिलेले नव्हते. त्या कागदावरून त्याने इतकी कठोर टीका केली की त्या मैत्रीला तडा गेला तो बुजला नाही. स्वतः चित्रकाराच्या हातची प्रत एवढा गैरसमज करू शकते, तर परक्या हाताच्या प्रतीवरून इस्राएल्सविषयी मत बनविणाऱ्या हजारो लोकांचे काय झाले असेल?

मुद्रणाभ्यासक : या उदाहरणाला सरळ उत्तर नाही, ते मान्य. फक्त एवढे जोडता येईल की राप्पार्डचा प्रमाद प्रत पाहण्यात नव्हता, प्रतीलाच चित्र समजण्यात होता. शिवाय ‘मूळ’ हा शब्दही दिसतो तितका एकसंध नाही. इस्राएल्स आपल्या यशस्वी रचना पुन्हा पुन्हा रंगवी. उथळ पाण्यात खेळण्यातली होडी सोडणाऱ्या मुलांचे ‘समुद्राची मुले’ हे चित्र त्याने अनेकदा केले, त्यांतले १८७२चे आज अ‍ॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये आहे. पत्नीच्या मृत्युशय्येशेजारी बसलेल्या पुरुषाचे ‘जगात एकटा’ हेही एकाहून अधिक रूपांत आढळते. तैलरंगातून जलरंगात आणि जलरंगातून एचिंगमध्ये त्याचा विषय फिरत राहिला, आणि एचिंगची सुई त्याने स्वतःही हाती धरली. चित्रकार स्वतःच आपल्या चित्राच्या आवृत्त्या काढत असेल, तर रेनेफेल्टची कोरणी ही त्या मालिकेतली आणखी एक आवृत्ती मानण्यास हरकत कोणती? हेग स्कूलमधील बर्नार्ड ब्लॉमर्स हा तर कोळ्यांच्या घरगुती जीवनाचा चित्रकार होण्यापूर्वी शिळाछापाचेच काम शिकलेला होता. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने १९३६ साली यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय, म्हणजे तिच्या एकमेव असण्यातून येणारा अधिकार, क्षीण होतो असे मांडले. ते विवेचन मोलाचे आहे, परंतु या चित्रकारांच्या चित्रशाळेत ते वलय सुरुवातीपासूनच अनेक हातांत वाटलेले होते.

कायद्याची एक बाब इथे सांगायला हवी, कारण दोन्ही वक्त्यांनी ती गाळली आहे. नेदरलँड्सच्या १८८१च्या लेखनाधिकार कायद्याने छापील मजकुराला संरक्षण दिले, परंतु चित्रकाराच्या कॅनव्हासला दिले नाही. ते संरक्षण १९१२च्या कायद्याने आले, म्हणजे इस्राएल्सच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. १२ ऑगस्ट १९११ रोजी द हेगजवळच्या स्खेवेनिंगेन या समुद्रकाठच्या गावी त्याचे निधन झाले, तोवरचे त्याचे सारे आयुष्य अशा व्यवस्थेत गेले की, चित्र विकल्यावर त्याच्या प्रतींवर चित्रकाराचा हक्क मायदेशात कायद्याने नव्हे, तर करारमदार आणि परस्परांची भीड यांनीच टिकत असे. प्रतींविषयीचा आजचा सारा संशय ‘चोरी’ या कल्पनेभोवती फिरतो. त्या काळचा व्यवहार ओळख, शिफारस आणि परवानगी यांच्याभोवती फिरत होता.

चित्रसमीक्षक : चित्रकाराचा हक्क सांगितला गेला. कोळ्याचा कोणी सांगितला? चर्चा इथपर्यंत आली आणि ज्यांचे आयुष्य छापले गेले त्यांच्याविषयी एक शब्दही निघाला नाही. स्खेवेनिंगेनला बंदर नव्हते. तिथली मासेमारीची होडी, जिला ‘बोमस्खाउट’ म्हणत, सपाट तळाची आणि बोजड अशी बांधत, कारण ती भरतीबरोबर थेट वाळूवर चढवावी लागे आणि घोडे लावून ओढावी लागे. १८५७च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने जुन्या बंधनांतून मोकळीक मिळाल्यावर या किनाऱ्यावरची हेरिंग माशाची मासेमारी वाढू लागली होती. डिसेंबर १८९४च्या वादळाने वाळूवर उभ्या असलेल्या होड्यांचा चुराडा केला, तेव्हा कुठे बंदराची मागणी मनावर घेतली गेली आणि १९०४ साली बंदर झाले. त्याच किनाऱ्यावर १८८५पासून कुरहाऊस हे भव्य स्नानगृह-हॉटेल उभे होते आणि श्रीमंत पाहुणे त्याच वाळूवर फिरत होते. छापील प्रतींत यातले काय आले? वाट पाहणारी बाई, रिकामी खुर्ची, प्रेत, पोरकी मुले. घोडे, जाळ्यांचा हिशेब, होडीमालक आणि त्याचा वाटा, माशांचा लिलाव, बंदराची मागणी यांतले जवळजवळ काहीच आले नाही. प्रतींनी कोळ्याचे दुःख सर्वदूर नेले आणि त्याची अडचण मागे ठेवली.

मुद्रणाभ्यासक : हा आक्षेप इस्राएल्सच्या मूळ चित्रांनाही तितकाच लागू होतो.

चित्रसमीक्षक : लागू होतो, पण तितकाच नाही. अडीच मीटरांच्या कॅनव्हासवर कोळ्याला राजाची उंची मिळाली होती, आणि ती उंची हेच त्या चित्राचे सामाजिक विधान होते. प्रतीत ते विधान प्रथम गळाले. उरला तो करुण प्रसंग, आणि करुण प्रसंग विकायला सोपा असतो.

या मुद्द्यावर मुद्रणाभ्यासकाचा पक्ष उणा पडतो, आणि तो तसा पडू देणेच प्रामाणिकपणाचे आहे. प्रतींनी मूळ चित्राचा आशय किती नेला याची चर्चा रंग आणि रेषा यांच्या भाषेत कितीही केली, तरी आकार हा इस्राएल्सच्या बंडाचा गाभा होता आणि कागदाला तो पेलणारा नव्हता. याच्या दुसऱ्या टोकाला चित्रकार हेंड्रिक व्हिलेम मेसदाग याचा पॅनोरामा आहे. १८८१ साली पूर्ण झालेले स्खेवेनिंगेनचे हे वर्तुळाकार दृश्य सुमारे १४ मीटर उंच आणि १२० मीटर परिघाचे असून ते आजही द हेगमध्ये त्याच्या मूळ इमारतीत पाहता येते. पाहणारा मधल्या मंचावर उभा राहतो आणि समुद्र, वाळूवरच्या होड्या, गाव व वाळूच्या टेकड्या त्याला चहूबाजूंनी वेढतात. त्याची पूर्ण प्रत कोणत्याही कागदावर शक्य नाही. परंतु ते दृश्य टिपण्यासाठी मेसदागने काचेच्या नळकांड्यात बसून काचेवर रेखाटन केले, ते मोठे करून कापडावर उतरवले आणि रंगविण्यात पत्नी सीन्त्ये मेसदाग-फान हाउटेन हिच्यासह ब्लॉमर्स, ब्राइटनर, द बॉक अशा सहकाऱ्यांचे हात लागले. म्हणजे ज्याची प्रत निघू शकत नाही, ते कामसुद्धा प्रत काढण्याच्या रीतीने आणि अनेक हातांनीच घडले.

मुद्रणाभ्यासक : आकाराचा मुद्दा मान्य केल्यावर एक गोष्ट मात्र आग्रहाने मांडावी लागते. जुन्या छापचित्राच्या खालच्या कडेला डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचे आणि उजव्या कोपऱ्यात कोरणकाराचे नाव असे; लॅटिनमधील छोट्या क्रियापदांनी ‘याने रंगविले’ आणि ‘याने कोरले’ असे सांगितलेले असे. बहुधा प्रकाशकाचे नाव आणि गावही तिथे असे. हातात काय आहे, ते कोणी केले आणि कोणत्या मार्गाने आले, हे पाहणाऱ्याला कळे. आज इस्राएल्सचे चित्र पडद्यावर दिसते तेव्हा ही कडच नाहीशी झालेली असते. रिक्सम्युझियमने २०१२पासून आपल्या संग्रहातील चित्रांच्या उत्तम प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या, आणि २०१९च्या युरोपीय निर्देशाने असे ठरविले की मूळ कलाकृतीवरचा हक्क संपला असेल तर तिच्या हुबेहूब प्रतीवर नवा हक्क सांगता येणार नाही. ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण त्यानंतर त्या प्रतिमा दिनदर्शिकांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, कापडावर छापून विकल्या जाणाऱ्या भित्तिचित्रांवर जातात, तेव्हा रंग उजळलेले, कडा कापलेल्या, माप गायब आणि काम कोणाचे याचा पत्ता नाही, अशी त्यांची अवस्था होते. एकोणिसाव्या शतकातील प्रत आपण प्रत आहोत असे सांगत असे. आजची तसे सांगत नाही.

चित्रसमीक्षक : इथे दोन्ही पक्षांची वाट एक होते. मूळ चित्राचा आग्रह धरणाऱ्यालाही दुसरे काही नको आहे. समोरची वस्तू किती मापाची, कशाची आणि कोणाच्या हातची, एवढे प्रतीने सांगावे, म्हणजे मूळ चित्र कुठेतरी दुसरीकडे आहे आणि ते वेगळे आहे याची जाणीव पाहणाऱ्याला राहील.

या एकमताला लेखाचाही दुजोरा आहे. छापील प्रतींनी इस्राएल्सचे नुकसान केले, हा समज पुराव्यावर टिकत नाही. त्यांच्याशिवाय झांदव्होर्टचा आणि स्खेवेनिंगेनचा कोळी चित्रकलेच्या इतिहासात एवढा ठळक झाला नसता, आणि व्हॅन गॉगसारख्या तरुणांपर्यंत तर पोचलाच नसता. नुकसान केले ते माहिती पुसून टाकणाऱ्या प्रतींनी. मराठी प्रकाशक, नियतकालिकांचे संपादक आणि कलाशिक्षक परदेशी चित्रे छापतात किंवा दाखवतात, तेव्हा चित्राखाली बहुधा चित्रकाराचे नाव आणि फार तर साल एवढेच असते. त्यांनी माप, माध्यम, संग्रह आणि प्रत कोरीव असेल तर कोरणकाराचे नावही द्यावे. त्यासाठी एक ओळ पुरते. आणि ज्या वाचकाच्या हाती एखादे जुने छापचित्र येईल, त्याने चौकट बदलताना त्याची खालची कड कापू देऊ नये.